थॉमस एडिसन आणि त्याचा दीर्घायुषी विद्युद्घट

कोणतीहि वस्तु घरांत नवी येते तेव्हां तिचें कौतुक फार होतें. पण ती किती दिवस टिकेल हा प्रश्न त्या आनंदाच्या भरांत सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज लॅपटॉप नांवाचा लहानसा संगणक आहे. नवा असतां तो एकदां चार्ज केला म्हणजे कित्येक तास सुखानें चालतो. तीन-चार वर्षें लोटलीं कीं तोच तासाभरांत मान टाकतो, आणि भिंतीपाशीं तारेनें बांधून ठेवल्यावांचून त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. यंत्र तेंच, अक्षरें तींच, पडदाहि तोच. मग झिजलें काय? झिजली ती त्याच्या पोटांतील बॅटरी. विजेचा सांठा करणाऱ्या घटास आयुष्य किती असतें, तो कां झिजतो, आणि त्याचें आयुष्य कसें वाढवावें, ह्या एका प्रश्नापायीं ज्यानें आपल्या भरभराटीच्या काळांतील दहा वर्षें व अपार द्रव्य वेंचिलें, अशा एका प्रसिद्ध पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. विजेच्या दिव्यामुळें व फोनोग्राफमुळें थॉमस आल्वा एडिसन ह्याचें नांव लहानथोरांस ठाऊक आहे. त्याच्या घटाची हकीकत मात्र थोड्यांसच माहीत असते. आणि आमच्या मतें त्याच्या स्वभावाची खरी पारख तिच्यांतच होते.

एडिसनचा जन्म ता. ११ फेब्रुवारी १८४७ रोजीं अमेरिकेंतील ओहायओ प्रांतांत मिलान ह्या लहानशा गांवीं झाला. सात भावंडांत तो शेंडेफळ होता. तो सात वर्षांचा असतां, म्हणजे १८५४ सालीं, त्याचे आईबाप मिशिगन प्रांतांत पोर्ट ह्यूरन येथें राहावयास गेले. तेथें त्यास शाळेंत घातलें. पण वर्गांत त्याचें चित्त लागेना, व शिक्षकांनीं त्यास मंदबुद्धि ठरविलें. त्याची आई नॅन्सी ही स्वतः पूर्वीं शिक्षिका होती. तिला हा निकाल मान्य झाला नाहीं. अवघ्या कांहीं महिन्यांतच तिनें मुलास शाळेंतून काढून घरीं आपल्या हाताखालीं घेतलें आणि वाचनाची गोडी लाविली. पुढें जगांतील मोठमोठे विद्वान् ज्याचा सन्मान करूं लागले, त्याचें शालेय शिक्षण एवढेंच होय. आपल्या यशाचें श्रेय आईस देण्यास तो शेवटपर्यंत विसरला नाहीं.

वयाच्या बाराव्या वर्षीं त्यानें आगगाडींत वर्तमानपत्रें व खाऊ विकण्याचा धंदा पत्करिला. पोर्ट ह्यूरनहून डेट्रॉइट शहरास जाणाऱ्या त्या गाडीच्या सामानाच्या डब्यांत त्यानें आपल्या रसायनांच्या बाटल्या मांडल्या, आणि फावल्या वेळांत तेथेंच त्याचे प्रयोग चालूं लागले. १८६२ सालीं तर त्यानें चालत्या गाडींत एक लहानसें साप्ताहिकहि छापून काढिलें. याच सुमारास त्याच्या ऐकण्यांत दोष उत्पन्न झाला व पुढें तो जवळजवळ बहिरा झाला. परंतु ह्या व्यंगाबद्दल त्यानें कधीं रडगाणें गाइलें नाहीं. बाहेरच्या गलबल्यापासून आपली सुटका झाली, असेंच तो मानीत असे.

१८६२ सालचीच गोष्ट. मौंट क्लेमेन्स स्टेशनावर स्टेशनमास्तरचा लहान मुलगा रुळांवर खेळत होता व एक सुटा डबा त्याच्या अंगावर घरंगळत येत होता. एडिसननें क्षणाचाहि विलंब न लावितां झेंप घालून मुलास उचललें. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरनें त्यास तारायंत्राची विद्या शिकविली. येथून त्याच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. पुढील पांच-सहा वर्षें तो गांवोगांव तारमास्तर म्हणून हिंडला, आणि विजेच्या घटांची व त्याची ओळख येथेंच झाली.

त्या काळीं तारेस लागणारी वीज कारखान्यांतून येत नसे. ती कचेरींतच कांचेच्या बरण्यांतून निर्माण करावी लागे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा ह्यानें १८०० सालीं दाखविलेल्या तत्त्वावर हे घट रचलेले असत. त्यांत जस्ताचा तुकडा हळूहळू विरघळतो व त्यांतून वीज मिळते. जस्त संपलें कीं घटाचेंहि आयुष्य संपलें. म्हणून जस्त बदलणें, पाणी घालणें, बरण्या धुणें ही कामें नित्याचीं असत. एडिसनला ह्या द्रवांचा नाद इतका होता कीं, लुइव्हिल येथें रात्रपाळीवर असतां एकदां प्रयोग करितांना त्याच्या हातून गंधकाम्ल सांडलें. तें फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर उतरून वरिष्ठाच्या मेजावर पडलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या ह्या चरित्रनायकास नोकरीवरून रजा मिळाली!

यानंतरचा त्याचा उत्कर्ष सर्वश्रुत आहे. म्हणून तो आम्ही थोडक्यांत सांगतों. १८६९ सालीं त्यानें मतें मोजण्याच्या यंत्राचें पहिलें पेटंट घेतलें. तें यंत्र उत्तम असूनहि कोणास नको होतें. तेव्हां ज्याची लोकांस गरज नाहीं तें करावयाचें नाहीं, असा त्यानें निश्चय केला. १८७६ सालीं न्यू जर्सी प्रांतांत मेन्लो पार्क येथें त्यानें शोधांचा जणू कारखानाच उघडला. १८७७ सालीं फोनोग्राफ निघाला, १८७९ सालीं बराच वेळ जळणारा विजेचा दिवा तयार झाला, आणि ता. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवरील वीजघर सुरू होऊन घरोघर दिवे लागले. १८८७ सालीं त्यानें वेस्ट ऑरेंज येथें पूर्वीपेक्षां पुष्कळच मोठी प्रयोगशाळा बांधली. दोषहि त्याच्या ठिकाणीं होते. कामापुढें त्यास घरादाराची शुद्ध राहत नसे; आणि दिशा पालटणाऱ्या विद्युत्प्रवाहास त्यानें केलेला हट्टाचा विरोध शेवटीं चुकीचा ठरला. परंतु मोठ्यांच्या चुका झांकून ठेविल्यानें त्यांचें मोठेपण वाढत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आतां मुख्य कथेकडे वळूं. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते ह्यानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून असा एक घट बनविला कीं, तो रिकामा झाल्यावर त्यांत बाहेरून वीज सोडून तो पुन्हा भरतां येई. पुन्हा पुन्हा भरतां येणारा हा पहिलाच उपयुक्त घट. पण त्याचे दुर्गुणहि थोडे नव्हते. तो फार जड. त्यांतील आम्ल जवळच्या वस्तु खाऊन टाकी. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो स्वतःसच झिजवी. घट रिकामा होतांना दोन्ही पत्र्यांवर शिशाचा एक पांढरा क्षार बसतो. तो ताबडतोब भरला तर हा क्षार पुन्हा मूळ रूपास येतो. पण तसाच रिकामा ठेविला तर क्षाराचे मोठे, कठीण स्फटिक बनतात व ते पुन्हा उलगडत नाहींत. शिवाय प्रत्येक भरतीओहोटीबरोबर पत्र्यांवरील द्रव्य फुगतें व आकसतें, सैल होतें, आणि कणाकणानें तळाशीं गळून पडतें. भिंतीचा गिलावा ओल व ऊन खाऊन जसा सुटतो तसाच हा प्रकार. एडिसनला ह्या घटाची आरंभीं इतकी चीड होती कीं, १८८३ च्या सुमारास असले घट म्हणजे लोकांच्या पैशाची लूट आहे, असें मत त्यानें उघडपणें दिलें होतें.

ज्या वस्तूची त्यानें अशी निंदा केली तीच सुधारण्याचें काम त्यानें पुढें आपल्या अंगावर घेतलें. ह्याचें कारण मोटारगाडी. १९०० सालीं अमेरिकेंत पेट्रोलच्या गाड्यांपेक्षां विजेच्या गाड्या अधिक तयार होत असत. त्या आवाज करीत नसत, धूर सोडीत नसत. पण त्यांचा जीव शिशाच्या जड व अल्पायुषी घटांत अडकलेला होता. हलका, बळकट आणि वर्षानुवर्षें टिकणारा घट सांपडला तर रस्त्यांवर विजेचेंच राज्य होईल, हें एडिसननें ओळखिलें. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, वयाची पन्नाशी उलटल्यानंतर, तो ह्या उद्योगास लागला.

आम्लच घटास खात असेल तर आम्लच नको, असा त्याचा साधा विचार होता. त्यानें क्षारयुक्त पाणी घेतलें व त्यांत टिकाव धरतील अशा धातु शोधण्यास आरंभ केला. हजारों प्रयोग झाले, फुकट गेले, वहींत टिपले गेले. शेवटीं एका बाजूस लोखंड, दुसऱ्या बाजूस निकेल, व मध्यें पोटॅशचें तीव्र क्षारजल अशी जोडी जमली. ह्या घटाचें मर्म असें कीं, पोटॅशचें पाणी केवळ हमालाचें काम करितें. तें स्वतः खर्चत नाहीं, आणि धातूंसहि विरघळवीत नाहीं. त्यामुळें आंतील द्रव्य जागच्या जागीं राहतें. याच वेळीं स्वीडन देशांत वाल्डेमार युंग्नर नांवाचा शोधकहि स्वतंत्रपणें निकेल, कॅडमियम व लोखंड यांचे असेच घट बनवीत होता, आणि पुढें त्या दोघांत पेटंटांविषयीं वादहि झाला. श्रेयाची वांटणी करितांना युंग्नरचें नांव विसरणें न्यायाचें होणार नाहीं.

१९०१ सालीं कंपनी स्थापन झाली. १९०३ सालीं घट बाजारांत आले. एडिसननें त्यांची आगाऊ स्तुति मोठ्या तोंडानें केली होती, व वर्तमानपत्रांनीं ती गांवोगांव पसरविली होती. मालवाहू गाड्यांच्या मालकांनीं घट विकत घेतले. पहिले अनुभव चांगले आले. आणि मग तक्रारी येऊं लागल्या. कांहीं घटांच्या पत्र्याच्या डब्यांचे सांधे पाझरत होते. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, कांहीं घटांची शक्ति महिन्यामहिन्यानें कमी होत होती. जो घट टिकतो म्हणून विकला तोच टिकत नव्हता!

येथें एडिसनची खरी कसोटी लागली. कारखाना जोरांत होता, भांडवल गुंतलें होतें, आणि सदोष असूनहि हा घट शिशाच्या घटापेक्षां बरा, म्हणून कित्येक ग्राहक तो मागतच होते. थोड्याशा दोषाकडे कानाडोळा करून विक्री चालूं ठेवणें सोपें होतें. परंतु १९०४ सालीं त्यानें उत्पादन बंद केलें व विकलेला सदोष माल परत घेतला. आपल्या नांवानें विकलेल्या वस्तूनें दिलेलें वचन पाळलेंच पाहिजे, ही त्याची भूमिका होती. पैशाचें नुकसान झालें, हंसें झालें; तो मात्र पुन्हा प्रयोगशाळेंत गेला.

आतां प्रश्न असा होता कीं, झीज नेमकी कोठें होते? लोखंडाच्या बाजूस मोठा दोष आढळला नाहीं. दोष निकेलच्या बाजूस होता. तेथील निकेलची भुकटी विजेस सहज वाट देत नाहीं, म्हणून तींत ग्रॅफाइट मिसळलेलें असे. पण घट भरतांना ही भुकटी फुगे व ग्रॅफाइटाचा आणि तिचा संबंध सुटे. शिवाय ग्रॅफाइटहि हळूहळू नासे. म्हणजे शक्ति संपत नव्हती, तर शक्तीची वाट बुजत होती. एवढें निदान होण्यास व त्यावर उपाय सांपडण्यास आणखी पांच वर्षें लागलीं. एडिसन व त्याचे मदतनीस यांनीं ग्रॅफाइट काढून टाकिलें. विजेच्या साहाय्यानें तांब्याचे व निकेलचे थर एकावर एक चढवावयाचे, मग तांबें विरघळवून टाकावयाचें, म्हणजे वाऱ्यानें उडतील असे निकेलचे अतिपातळ पापुद्रे उरत. पोलादी छिद्रयुक्त नळींत भुकटीचा एक थर, पापुद्र्यांचा एक थर, असे शेंकडों थर ठांसून भरिले, आणि नळी फुगून फुटूं नये म्हणून तिच्याभोंवतीं पोलादी कडीं बसविलीं. पोटॅशच्या पाण्यांत लिथियमचा थोडा क्षार घातल्यास घटाची शक्ति वाढते, असेंहि त्यांस आढळून आलें.

ह्या वेळीं मात्र एडिसन घाई करणार नव्हता. नव्या घटांस तो यंत्रांवर रात्रंदिवस हादरे देववी. गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवरून फिरवी. इमारतीच्या वरच्या खिडक्यांतून ते खालीं फेंकून ते पुन्हा चालतात कीं नाहीं तें पाही. १९०९ सालीं हा सुधारलेला घट बाजारांत आला. आरंभापासून सुमारें दहा वर्षें झालीं होतीं व दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला होता. शिशाचा घट जेथें थोड्या वर्षांत निकामी होई, तेथें हा घट कितीएक वर्षें टिके. पूर्ण रिकामा झाला, अधिक भरला गेला, महिनोगणती पडून राहिला, तरी तो मरत नसे. वेळोवेळीं पाणी घालावें व कांहीं वर्षांनीं क्षारजल बदलावें, म्हणजे तो पुन्हा कामास लागे.

पण कालगति विचित्र असते. घट सिद्ध झाला तेव्हां मोटारीची बाजी पालटून गेली होती. १९०८ सालीं हेन्री फोर्डची स्वस्त पेट्रोलगाडी निघाली होती. आणि १९१२ सालीं पेट्रोलगाडी हात न लावितां विजेनें सुरू करण्याची युक्ति निघाली, तींतहि घट वापरला गेला तो शिशाचाच. कारण एडिसनच्या घटास एकदम मोठा जोर करितां येत नसे व कडक थंडींत तो आळसावे. भरतांना त्यांतून हायड्रोजन वायु निघे, तो वेगळाच धोका. पाणबुड्यांत समुद्राचें पाणी शिशाच्या घटांतील आम्लास मिळालें तर विषारी क्लोरीन वायु उत्पन्न होई. तो टाळावा म्हणून अमेरिकेच्या ई-२ ह्या पाणबुडींत एडिसनचे घट बसविले. तेथें जानेवारी १९१६ मध्यें हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसें दगावलीं. एक गुण मिळविण्यासाठीं दुसरें कांहीं सोडावें लागतें, हा निसर्गाचा हिशेब एडिसनलाहि चुकला नाहीं.

तथापि त्याचे श्रम वांयां गेले नाहींत. मालवाहू गाड्या, आगगाडीचे डबे व सिग्नल, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, अशा जेथें जेथें वेगापेक्षां विश्वास महत्त्वाचा, तेथें तेथें हा घट जाऊन बसला. एडिसनच्या सर्व धंद्यांत हा धंदा पुढें अत्यंत किफायतशीर ठरला, व त्याच्या मृत्यूनंतरहि १९७० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत हे घट अमेरिकेंत तयार होत होते. ता. १८ ऑक्टोबर १९३१ रोजीं वेस्ट ऑरेंज येथें वयाच्या ८४ व्या वर्षीं एडिसननें देह ठेविला. त्याच्या नांवावर अमेरिकेंत १०९३ पेटंटें होतीं. अंत्यविधीच्या दिवशीं रात्रीं देशांत ठिकठिकाणीं लोकांनीं आपले विजेचे दिवे थोडा वेळ मंद करून त्यास मानवंदना दिली.

आतां पुन्हा आपल्या घरांतील लॅपटॉपकडे येऊं. त्यांतील लिथियम-आयन जातीची बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या जनकांपैकीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. एडिसनच्या कामांतील ग्रॅफाइट, लिथियम व निकेल हे जुने सोबती हिच्यांतहि बहुधा भेटतात, जरी त्यांचीं कामें आतां निराळीं आहेत. ही बॅटरीहि झिजते, व तिच्याहि झिजेचें स्थान शोधून काढिलेलें आहे. ग्रॅफाइटावर एक पातळ साय धरते. ती वाढत जाते तसतसें थोडथोडें लिथियम तींत कायमचें अडकून पडतें, व तितकी शक्ति घटते. उष्णता व सदैव पूर्ण भरलेली स्थिति ह्या दोहोंमुळें ही साय लौकर वाढते. आणि अगदीं रिकामी करून ठेवल्यानें निराळी इजा होते. जात व वापर यांप्रमाणें ३०० ते १००० पूर्ण भरत्या झाल्यावर बॅटरींत मूळच्या सुमारें ८० टक्के शक्ति उरली, तर ती आपल्या वचनास जागली असें समजतात.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस इतकेंच सांगणें आहे कीं, लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून त्याचे श्वासमार्ग कोंडूं नका. उन्हांत किंवा बंद मोटारींत तो विसरूं नका. दिवसभर तारेला जोडून वापरावयाचा असेल, तर ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, तिचा उपयोग करा. सुट्टींत ठेवून द्यावयाचा असेल तर अर्धा भरून थंड जागीं ठेवा. आणि पालकांस विनंति कीं, बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबूं वा टोंचूं नये; वापर बंद करून ती जाणत्या कारागिराकडून काढवावी, व जुनी बॅटरी केराच्या टोपलींत न टाकितां अशा वस्तु गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

परंतु ह्या चरित्रांतून घ्यावयाचा मुख्य बोध बॅटरीपुरताच नाहीं. परीक्षेंत, खेळांत किंवा पुढें धंद्यांत आपलें काम सदोष निघाल्याचें प्रथम आपल्यालाच कळतें. जगास तें मागाहून कळतें. त्या मधल्या वेळांत मनुष्य काय करितो, ह्यावर त्याची योग्यता ठरते. एडिसननें त्या वेळीं कारखान्याचें दार लावून घेतलें व दोष कोठें आहे तो पांच वर्षें शोधिला. त्याचें मूळचें स्वप्न फळास आलें नाहीं. पण ज्या खाणकामगाराच्या माथ्यावरचा दिवा अंधारांत दगा न देतां जळत राहिला, त्यास त्या पांच वर्षांची किंमत सांगण्याची गरज पडली नसेल.